रॉक अँड रोलच्या इतिहासाचे महाविद्यालयीन अध्यापन

रॉक अँड रोलच्या इतिहासाचे महाविद्यालयीन अध्यापन म्हणजे अमेरिकेत १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत आकारास आलेल्या रॉक अँड रोल या लोकप्रिय संगीतप्रकाराचा, तसेच त्यातून पुढे विकसित झालेल्या रॉक संगीताचा इतिहास पदवी स्तरावर शिकविण्याची परंपरा होय. अमेरिका व ब्रिटनमधील विद्यापीठांत हा विषय १९७० च्या दशकापासून हळूहळू रुजला. आरंभी तो समाजशास्त्र, अमेरिकन अभ्यास व लोकसंस्कृती या विभागांच्या आश्रयाने शिकविला जात असे. संगीत विभागांनी त्याला बऱ्याच उशिरा स्वीकारले. आज अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांत संगीतेतर शाखांच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या सर्वसाधारण शिक्षणाच्या अभ्यासक्रमांत त्याचा समावेश असतो.

या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न प्रारंभाचा आहे. पहिल्या तासाला वर्गात कोणती ध्वनिमुद्रिका वाजवली जाते, यावरून या संगीताचे निर्माते कोण मानले जाणार हे बरेचसे ठरते. मूळ कलावंतांपैकी अनेकांना हयातीत मानधन व श्रेय या दोन्ही गोष्टी पुरेशा मिळाल्या नाहीत. त्यामुळे अभ्यासक्रमाची आखणी हीच श्रेयवाटपाची एक कृती ठरते आणि तिच्याविषयी अभ्यासकांत सतत वाद होत आले आहेत.

नाव आणि व्याप्ती

‘रॉकिंग’ आणि ‘रोलिंग’ हे शब्द मूळचे जहाजाच्या हेलकाव्यांसाठी वापरले जात. आफ्रिकन-अमेरिकन बोलीत त्यांना नृत्याचा आणि शरीरसंबंधाचाही अर्थ आला. ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथील रेडिओ निवेदक ॲलन फ्रीड याने १९५१ पासून आपल्या रात्रीच्या कार्यक्रमातून कृष्णवर्णीय कलावंतांच्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ तबकड्या वाजवताना हे नाव लोकप्रिय केले. फ्रीड हा नावाचा प्रसारक होता. संगीत त्याच्या आधीपासून वाजत होते.

नावांचा हा इतिहास बहुधा पहिल्या आठवड्यातच शिकविला जातो, कारण त्यात वर्णभेदाच्या बाजारपेठेचा आराखडा स्पष्ट दिसतो. मेमी स्मिथ हिच्या ‘क्रेझी ब्लूज’ (१९२०) या तबकडीच्या यशानंतर ध्वनिमुद्रण कंपन्यांनी कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी स्वतंत्र मालिका काढल्या व त्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ असे नाव पडले. बिलबोर्ड या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या लोकप्रियतेच्या यादीसाठी हेच शीर्षक वापरले आणि जून १९४९ मध्ये ते बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. हे नवे नाव जेरी वेक्सलर या तेथील वार्ताहराने सुचविले होते. शीर्षक बदलले तरी यादी वेगळीच राहिली. एकाच प्रकारचे वादन कृष्णवर्णीय गायकाने केले तर एका यादीत आणि श्वेतवर्णीय गायकाने केले तर दुसऱ्या यादीत, अशी ही व्यवस्था होती.

‘रॉक अँड रोल’ व ‘रॉक’ या संज्ञांतील फरकही अध्यापनात महत्त्वाचा मानला जातो. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर ‘रॉक’ हे आखूड नाव रूढ झाले आणि त्याच सुमारास हे संगीत प्रामुख्याने श्वेतवर्णीय तरुणांचे आहे अशी समजूत दृढ होत गेली. जॅक हॅमिल्टन यांनी ‘जस्ट अराउंड मिडनाइट’ (२०१६) या ग्रंथात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. ज्या संगीताचा पाया कृष्णवर्णीय कलावंतांनी घातला त्यातच १९६० च्या दशकाअखेर जिमी हेंड्रिक्ससारखा गिटारवादक अपवाद वाटू लागावा, हा त्यांच्या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे.

विद्यापीठांत प्रवेश

१९६७ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्स राज्यातील टँगलवुड येथे अमेरिकेतील संगीतशिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने एक परिसंवाद भरविला. सर्व काळांतील व सर्व शैलींतील संगीत, त्यात किशोरवयीनांचे लोकप्रिय संगीतही आले, शिक्षणक्रमात असावे असे त्याच्या घोषणापत्रात म्हटले होते. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र संथ होती. बोलिंग ग्रीन स्टेट विद्यापीठात रे ब्राउन यांच्या पुढाकाराने १९७३ मध्ये लोकसंस्कृतीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला; तेथे लोकप्रिय संगीताच्या ध्वनिमुद्रिकांचा संग्रह आधीपासूनच उभा राहत होता. अशा संग्रहांवाचून हा विषय शिकविणे अशक्य होते. कित्येक ठिकाणी प्राध्यापक आपल्याच घरच्या तबकड्या वर्गात आणीत.

ग्रंथांची वाटही संगीतशास्त्राबाहेरून आली. कार्ल बेल्झ हे कलेतिहासकार होते. त्यांचा ‘द स्टोरी ऑफ रॉक’ १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी आलेला चार्ली जिलेट यांचा ‘द साउंड ऑफ द सिटी’ हा कोलंबिया विद्यापीठातील त्यांच्या पदव्युत्तर प्रबंधातून वाढलेला ग्रंथ होता. लहान स्वतंत्र ध्वनिमुद्रण कंपन्या, शहरांकडे झालेले स्थलांतर आणि स्थानिक रेडिओ केंद्रे यांच्या आधारे रॉक अँड रोलचा उगम उलगडणारा हा ग्रंथ आजही वाचनसूचीत आढळतो. ब्रिटनमध्ये सायमन फ्रिथ यांच्या ‘द सोशिऑलॉजी ऑफ रॉक’ (१९७८) या ग्रंथाने समाजशास्त्रीय मांडणी दिली. १९८१ मध्ये लोकप्रिय संगीताच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. ‘पॉप्युलर म्युझिक’ हे संशोधनपर नियतकालिकही त्याच वर्षी निघाले. लिव्हरपूल विद्यापीठात १९८८ मध्ये लोकप्रिय संगीताची संस्था सुरू झाली.

संगीत विद्यालयांपैकी इंडियाना विद्यापीठाचे उदाहरण वारंवार दिले जाते. तेथे ग्लेन गॅस यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी रॉकच्या इतिहासाचा श्रेयांकपात्र अभ्यासक्रम सुरू केला. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ख्यात असलेल्या विद्यालयात हे घडणे लक्षणीय होते. पाठ्यपुस्तकांचा बाजार १९९० च्या सुमारास तयार झाला. जो स्टेसी (१९९०), रीबी गारोफालो (१९९७) व जॉन कोवाक (२००६) यांची पुस्तके विशेष वापरात आली. त्यांपैकी स्टेसी व कोवाक यांचा भर सांगीतिक रचनेवर, तर गारोफालो यांचा भर उद्योग, वर्ण व राजकारण यांवर आहे. कोणते पुस्तक लावले आहे यावरून शिकविणारा कोणत्या विभागातला हे सहसा ओळखता येते. कोवाक यांचा रॉचेस्टर विद्यापीठातील अभ्यासक्रम २०१३ पासून कोर्सेरा या ऑनलाइन मंचावरही उपलब्ध झाला.

‘पहिली’ तबकडी कोणती?

रॉक अँड रोलची पहिली तबकडी कोणती, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर नाही. जिम डॉसन व स्टीव्ह प्रोप्स यांनी १९९२ मध्ये याच प्रश्नावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले व त्यात ५० तबकड्यांचा विचार केला. अध्यापनात मात्र हा प्रश्न फार उपयोगी पडतो. उत्तर मिळत नसले तरी उत्तरासाठी वापरलेले निकष उघडे पडतात.

लोकप्रियतेचा निकष धरल्यास बिल हेली यांच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’कडे बोट दाखविले जाते. १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले हे गीत ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या १९५५ च्या चित्रपटामुळे गाजले व त्याच वर्षी बिलबोर्डच्या मुख्य यादीत अग्रस्थानी पोचले. ध्वनीचा निकष धरल्यास १९५१ मधील ‘रॉकेट ८८’ पुढे येते. आइक टर्नर यांच्या वाद्यवृंदाने ते मेम्फिस येथे सॅम फिलिप्स यांच्या स्टुडिओत मुद्रित केले, परंतु तबकडीवर नाव छापले गेले ते गायक जॅकी ब्रेन्स्टन यांचे. स्टुडिओकडे येताना गिटारच्या ॲम्प्लिफायरचा कर्णा बिघडला आणि त्यात कागद कोंबून काम भागविले गेले, त्यामुळे गिटारला एक घरघरीत नाद आला, असे सांगितले जाते. असा विकृत नाद पुढे रॉकची ओळखच बनला. एल्व्हिस प्रेस्ली यांची पहिली तबकडी (जुलै १९५४) आरंभबिंदू मानणारेही आहेत; पण तिच्यावरील ‘दॅट्स ऑल राइट’ हे गीत आर्थर क्रुडप या ब्लूज गायकाने १९४६ मध्येच मुद्रित केले होते.

वादनशैलीचा व रंगमंचीय आविष्काराचा निकष लावल्यास सिस्टर रोझेटा थार्प यांना टाळता येत नाही. चर्चमधील गॉस्पेल गायनाला विजेच्या गिटारची जोड देणाऱ्या या कलावतीचे १९४४ मध्ये मुद्रित झालेले एक गॉस्पेल गीत १९४५ मध्ये ‘रेस’ यादीत वरच्या स्थानावर पोचले होते. तरीही अनेक वर्षे पाठ्यपुस्तकांत त्यांना जेमतेम एखादे वाक्य मिळत असे. गेल वॉल्ड यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या चरित्रानंतर परिस्थिती पालटली. क्लीव्हलँडस्थित रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश २०१८ मध्ये झाला. १९८६ मध्ये या संस्थेने गौरविलेल्या पहिल्या दहा सादरकर्त्या मानकऱ्यांत एकही स्त्री नव्हती.

‘हाउंड डॉग’ : एक पाठ

अनेक अभ्यासक्रमांत एका तासात एकाच गीताची वेगवेगळी ध्वनिमुद्रणे ऐकवली जातात. त्यासाठी ‘हाउंड डॉग’ इतके सोयीचे उदाहरण क्वचितच सापडते. विली मे ‘बिग मामा’ थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने ते १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे गायले. १९५३ मध्ये ते पीकॉक कंपनीने प्रसिद्ध केले आणि ऱ्हिदम अँड ब्लूज यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. १९५६ मध्ये प्रेस्लीने ते गायले आणि ते जगभर गेले. थॉर्नटन यांना आपल्या तबकडीबद्दल सुमारे ५०० डॉलर मिळाल्याचे त्या सांगत.

एवढेच ऐकून विद्यार्थी बहुधा ‘श्वेतवर्णीयाने कृष्णवर्णीय स्त्रीचे गीत चोरले’ असा निष्कर्ष काढतात. येथून खरा पाठ सुरू होतो. हे गीत लिहिले होते जेरी लायबर व माइक स्टोलर या विशीही न गाठलेल्या दोन ज्यू तरुणांनी, तेही खास थॉर्नटन यांच्यासाठी. निरुपयोगी पुरुषाला एका स्त्रीने सुनावलेले खडे बोल, असा त्याचा आशय होता. प्रेस्लीने ते थॉर्नटन यांच्याकडून थेट घेतले नाही. लास व्हेगास येथे फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज या वाद्यवृंदाने केलेली विनोदी आवृत्ती त्याने ऐकली होती, आणि तीत शब्द बदलून प्रत्यक्ष कुत्र्याविषयीचे गाणे झाले होते. मूळ आवृत्तीत गिटार व टाळ्यांच्या साथीवर थॉर्नटन यांचा आवाज सैलपणे, बोलल्यासारखा फिरतो. प्रेस्लीच्या आवृत्तीत ढोलाचे कडाडते आघात आणि घट्ट लय पुढे येते.

अन्याय झाला हे खरेच आहे, पण तो नेमका कोठे झाला हे दाखविण्यासाठी करार, गीतकाराचे हक्क, रेडिओवरील प्रवेश आणि दूरचित्रवाणी यांचा स्वतंत्र विचार करावा लागतो. अमेरिकन कायद्यानुसार रेडिओवर गीत वाजल्यास गीतकाराला व प्रकाशकाला मोबदला मिळे, गायकाला नाही. थॉर्नटन यांच्या वाट्याला आलेल्या परिस्थितीचे स्पष्टीकरण या एका तरतुदीत बरेचसे आहे. थॉर्नटन यांचे निधन १९८४ मध्ये झाले. हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव २०२४ मध्ये आले.

याच्या जोडीला चक बेरी यांचे ‘मेबलीन’ (१९५५) शिकविले जाते. त्याची चाल ‘आयडा रेड’ या ग्रामीण श्वेतवर्णीय परंपरेत रुळलेल्या गीतावरून सुचली होती, म्हणजे येथे देवाणघेवाण उलट दिशेने झाली. तबकडीवर सहगीतकार म्हणून ॲलन फ्रीडचे नाव छापले गेले. रचनेत त्याचा वाटा नव्हता. रेडिओवर गीत वाजावे यासाठी दिलेली ती किंमत होती. रेडिओ निवेदकांना दिल्या जाणाऱ्या अशा लाचेची (‘पेओला’) चौकशी अमेरिकन काँग्रेसने १९५९–६० मध्ये केली आणि तीत फ्रीडची कारकीर्द संपली.

साधने आणि त्यांची विश्वासार्हता

पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या इतिहासात मुख्य साधन स्वरलिपीतील लिखित रचना हे असते. रॉक अँड रोलमध्ये ते स्थान ध्वनिमुद्रणाला आहे. गायकाचा पोत, प्रतिध्वनी, गिटारची घरघर यांतले काहीच स्वरलिपीत उतरत नाही. म्हणून विद्यार्थ्यांना वाचण्याऐवजी ऐकण्याची शिस्त लावावी लागते. संगीताचे शिक्षण नसलेल्यांनाही थोड्या तासांत दोन गोष्टी ओळखता येतात. एक म्हणजे ‘बॅकबीट’, अर्थात चार मात्रांच्या गटात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येणारा आघात. दुसरी म्हणजे बारा ‘बार’चा ब्लूज आकृतिबंध. यात प्रत्येकी चार मात्रांचे बारा गट असून षड्ज, मध्यम व पंचम यांवर उभारलेले तीन स्वरसंघात ठरावीक क्रमाने येतात. पहिले चार गट षड्जावर, पाचवा व सहावा मध्यमावर, मग दोन पुन्हा षड्जावर, नववा पंचमावर, दहावा मध्यमावर आणि शेवटचे दोन षड्जावर, असा त्याचा सर्वपरिचित क्रम आहे. तबल्याचा ठेका ऐकताना सम शोधण्याची सवय असलेल्या श्रोत्याला हे आवर्तन पकडणे फारसे अवघड जात नाही. मात्र जोर समेवर नसून तिच्या शेजारच्या मात्रेवर आहे, याची सवय व्हायला थोडा वेळ लागतो.

लोकप्रियतेच्या याद्या हे दुसरे साधन असून ते सावधपणे वापरावे लागते. ‘टुटी फ्रुटी’ या गीताची लिटल रिचर्ड यांची मूळ आवृत्ती बिलबोर्डच्या पॉप यादीत १७ व्या, तर पॅट बून यांची सौम्य नक्कल १२ व्या क्रमांकावर गेली. आज पहिली सर्वांना ठाऊक आहे आणि दुसरी वर्गात हशा पिकविण्यापुरती उरली आहे. शिवाय १९९१ पर्यंत या याद्या दुकानदार व रेडिओ केंद्रे यांनी कळविलेल्या माहितीवर तयार होत. त्या वर्षी विक्रीची संगणकीय मोजणी सुरू होताच हिप-हॉप व कंट्री संगीताचे स्थान एकदम उंचावले, म्हणजेच आधीची मोजणी त्यांना कमी लेखत होती. नोव्हेंबर १९६३ च्या अखेरीपासून जानेवारी १९६५ पर्यंत तर बिलबोर्डने ऱ्हिदम अँड ब्लूजची यादीच छापली नाही. या अवधीविषयी ‘आकडेवारीनुसार’ बोलताना हा खंड लक्षात ठेवावा लागतो.

१९५९ ते १९६३ : रिकामी जागा?

जुन्या पाठ्यपुस्तकांत एक ठरलेले कथानक असे. १९५७ मध्ये लिटल रिचर्ड धर्मकार्याकडे वळले, १९५८ मध्ये प्रेस्ली सैन्यात गेले, ३ फेब्रुवारी १९५९ रोजी बडी हॉली विमान अपघातात मरण पावले, चक बेरी खटल्यात अडकले. रॉक अँड रोल संपले आणि फेब्रुवारी १९६४ मध्ये बीटल्स न्यूयॉर्कला उतरल्यावर ते पुन्हा जिवंत झाले. हे कथानक सांगायला सुटसुटीत आहे, म्हणूनच ते टिकले.

त्यावरचा आक्षेप गंभीर आहे. या ‘रिकाम्या’ वर्षांतच डेट्रॉइट येथे मोटाउन कंपनी उभी राहिली, कॅरोल किंग यांच्यासारख्या गीतरचनाकार न्यूयॉर्कमध्ये काम करू लागल्या आणि द शिरेल्स या कृष्णवर्णीय तरुणींच्या गटाचे गीत जानेवारी १९६१ मध्ये बिलबोर्डच्या मुख्य यादीत पहिल्या क्रमांकावर पोचले. कथानकातील नायक सगळे पुरुष असल्यामुळे स्त्रियांनी गाजविलेली वर्षे रिकामी भासली. प्रत्युत्तरादाखल विद्यार्थ्यांना बीटल्सच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेची (१९६३) गीतयादी दिली जाते. तीत द शिरेल्सची दोन आणि द कुकीजचे एक गीत आहे. पुनरुज्जीवन करणाऱ्यांनी आपले धडे मृत मानल्या गेलेल्या काळातच घेतले होते. मॉरीन महॉन यांच्या ‘ब्लॅक डायमंड क्वीन्स’ (२०२०) या ग्रंथामुळे कृष्णवर्णीय स्त्रियांच्या योगदानाची मांडणी अधिक पक्की झाली आहे.

परीक्षा, आक्षेप व अडचणी

परीक्षेची एक जुनी पद्धत अशी की गीताचा मधलाच भाग काही सेकंद वाजवायचा आणि विद्यार्थ्याने कलावंत, गीत व वर्ष ओळखायचे. शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ती सोयीची असली तरी तीत स्मरणशक्तीची कसोटी लागते, आकलनाची नाही. त्याऐवजी दोन आवृत्त्यांची लेखी तुलना करायला सांगणे अधिक फलदायी ठरते. तपासणीचे काम मात्र कित्येक पटींनी वाढते.

संगीतशास्त्राच्या परंपरागत अभ्यासकांनी हा विषय उथळ म्हणून नाकारला, तर रसिकांपैकी काहींना बंडखोर संगीताची परीक्षा घेणेच हास्यास्पद वाटले. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. अभ्यासक्रमामुळे मोजक्या थोरांची नामावली तयार होते आणि तिला मान न देणे हा तर या संगीताचा स्वभाव. ‘कृष्णवर्णीय संगीत’ अशी सरसकट संज्ञा वापरण्यालाही फिलिप टॅग यांनी १९८९ मध्ये हरकत घेतली होती. असे एकच अविभाज्य संगीत दाखवून देणे कठीण आहे, हा त्यांचा मुद्दा होता. व्यावहारिक अडचण स्वामित्वहक्काची आहे. अमेरिकन कायदा प्रत्यक्ष वर्गात ध्वनिमुद्रण ऐकविण्यास मुभा देतो, पण गीताचे शब्द पुस्तकात छापण्यासाठी परवानगी व शुल्क लागते. परिणामी शब्दांविषयी पानेच्या पाने लिहिलेल्या पुस्तकांत प्रत्यक्ष शब्द फारसे आढळत नाहीत.

भारतीय संदर्भ

रॉक अँड रोलचे पडसाद मुंबईच्या चित्रपटसंगीतात लवकर उमटले. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (रामचंद्र चितळकर) यांनी ‘आशा’ (१९५७) या हिंदी चित्रपटासाठी केलेले ‘ईना मीना डीका’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. किशोर कुमार व आशा भोसले यांनी ते स्वतंत्रपणे गायले. त्याच्या निरर्थक वाटणाऱ्या शब्दांत सी. रामचंद्र यांचे गोमंतकीय साहाय्यक जॉन गोम्स यांनी कोकणी शब्दांची भर घातली असे सांगितले जाते. मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत पाश्चात्त्य स्वरलिपी वाचू शकणाऱ्या गोमंतकीय वादकांचा मोठा भरणा होता आणि नव्या अमेरिकन शैली त्यांच्यामार्फत सहज शिरत. मात्र तबकडीवर आणि श्रेयनामावलीत या वादकांची नावे क्वचितच येत.

क्वीन या ब्रिटिश वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी (फारुख बलसारा) यांचे शालेय शिक्षण सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे झाले. तेथील सेंट पीटर्स शाळेत असताना १९५८ च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहाध्यायांनी ‘द हेक्टिक्स’ नावाचा वाद्यवृंद काढला होता. त्यात ते पियानो वाजवीत आणि लिटल रिचर्ड यांच्यासारख्यांची गीते सादर होत. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्समधील जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईतील एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांसह ध्वनिमुद्रण केले. १९६० व ७० च्या दशकांतील भारतीय रॉक वाद्यवृंदांचा इतिहास सिद्धार्थ भाटिया यांनी ‘इंडिया सायकेडेलिक’ (२०१४) या पुस्तकात लिहिला आहे.